वाण पुढे, शेड मागे

आमच्या माळ्यावर एका पत्र्याच्या पेटीत चौदा वह्या होत्या. किराणा दुकानदार उधारीसाठी वापरतात तशा लांब, लाल कापडी पाठीच्या. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर बाबांच्या तिरप्या अक्षरात इतकंच लिहिलंय: 'ता. १४-११-१९८१. पिल्ले २०४. वाटेत मेली ३.' शंभर पिल्लांमागे दोन वर द्यायची हा हॅचरीवाल्यांचा रिवाज, म्हणून दोनशेची दोनशे चार. पुठ्ठ्याचे दोन खोके, प्रत्येकात चार कप्पे. पुण्याहून पहाटेच्या गाडीने ते कर्जत स्टेशनात उतरले आणि बाबांनी बैलगाडीतून घरी आणले, वर आईचं जुनं लुगडं पांघरून. मी तेव्हा अकरावीत होते. आज त्याच जागेवरच्या शेडचा हिशोब मी ठेवते.

या वह्या वाचताना एक गोष्ट पानापानावर दिसते आणि तीच लिहून ठेवायला बसले आहे. कोंबडीचं वाण दर काही वर्षांनी पुढे गेलं आणि तिचं घर कायम मागे राहिलं. मधल्या अंतराचा खर्च शेडवाल्याने भरला.

ती पिल्लं येण्याआधी आमच्याकडे कोंबड्या नव्हत्या असं नाही. पडवीत डालगं होतं, त्याखाली रात्री आठ-दहा गावठी कोंबड्या असायच्या. दिवसभर खळ्यावर, उकिरड्यावर फिरून आपलं आपण खायच्या. एखादी खुडूक बसली की आई तिच्याखाली अंडी मांडायची. कोंबडा दीड किलोचा व्हायला सहा-आठ महिने लागत, पण त्यासाठी कोणी पैसा घातलेला नसे. उन्हाळा आला की मानमोडी यायची आणि दोन दिवसांत गावातली निम्मी खुराडी रिकामी व्हायची. जनावरांच्या दवाखान्यात त्याला रानीखेत म्हणत, कारण १९२० च्या दशकात कुमाऊँमधल्या त्या गावी हा रोग आपल्या देशात पहिल्यांदा नोंदला गेला. त्या कोंबडीचं घर म्हणजे सगळं गाव होतं. ऊन लागलं तर ती आंब्याखाली जायची, पाऊस आला तर पडवीत. तिला काय हवं ते तीच बघायची.

खोक्यांतून आलेल्या पांढऱ्या वाणाच्या पिल्लांनी ही गोष्ट बदलली. ती कुठे जाऊ शकत नव्हती. ऊन, वारा, ओल, सगळं त्यांच्यासाठी माणसाने ठरवायचं होतं आणि ते कसं ठरवायचं हे आमच्या पंचक्रोशीत कोणालाच माहीत नव्हतं.

ही पिल्लं आली कुठून, हे मला बरंच उशिरा कळलं. अमेरिकेत डेलावेअर राज्यात ओशन व्ह्यू नावाचं गाव आहे. तिथल्या सीलिया स्टील नावाच्या शेतकरीण बाईंनी १९२३ मध्ये अंड्यांसाठी ५० पिल्लं मागवली आणि चुकून ५०० आली. परत न पाठवता त्यांनी ती लहानशा लाकडी खोपटात वाढवली आणि मांसासाठी विकली. तीन वर्षांत त्यांनी १०,००० पक्ष्यांचं घर बांधलं. ते पहिलं खोपट तिथल्या लोकांनी आजवर जपून ठेवलंय. मला त्या बाईंबद्दल फार आपुलकी वाटते. चुकून आलेल्या पिल्लांसाठी रातोरात घर करावं लागणं म्हणजे काय, हे आमच्या आईने ऐकलं असतं तर तिला लगेच कळलं असतं.

त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली, जिच्याशिवाय बंद शेड शक्यच नव्हती. कोंबड्या घरात कोंडल्या की पायाने अधू व्हायच्या. उन्हातून मिळणारं ड जीवनसत्त्व तुटतं म्हणून हे होतं, हे तेव्हा उमगलं आणि खाद्यात माशाचं तेल घालायला सुरुवात झाली. मग बारा महिने कोंबडी छपराखाली ठेवता येऊ लागली. म्हणजे घर आधी बदललं आणि मग त्या घरात वाढेल असं वाण शोधायला माणसं निघाली.

तो शोध १९४६ ते १९५१ या काळात अमेरिकेत जाहीर स्पर्धा लावून झाला. 'उद्याची कोंबडी' अशा अर्थाचं तिचं नाव होतं आणि ए अँड पी या किराणा साखळीने तिला पैसा दिला होता. या स्पर्धेची पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. ठिकठिकाणच्या पैदासकारांची अंडी एका जागी आणून उबवली, पिल्लांना सारखं घर, सारखं खाद्य दिलं आणि बारा आठवड्यांनी तोलून पाहिली. घर सारखं असल्याशिवाय वाणाची तुलना करता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १९४८ च्या अंतिम फेरीत कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांचा कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर यांचा संकर पहिला आला. आजच्या ब्रॉयलरची रुंद छाती या कॉर्निशकडून आली. आणि कॉर्निश जात इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमध्ये घडली ती भारतातून नेलेल्या असील कोंबड्यांच्या रक्तातून. तिचं जुनं नावच 'इंडियन गेम' आहे. आपल्याकडे झुंजीसाठी पाळलेला असील दोन समुद्र ओलांडून पांढरा होऊन परत आला. बाबांना हे कळलं असतं तर त्यांनी ते वहीत लिहून ठेवलं असतं, याची मला खात्री आहे.

महाराष्ट्रात या धंद्याचं केंद्र पुणे झालं. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये हैदराबादला वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे पुण्याहून तिचा कारभार चालू लागला आणि कॉब या अमेरिकी वाणाची पिल्लं 'व्हेनकॉब' नावाने गावोगाव पोचली. या पिल्लांची एक अट होती आणि ती सुरुवातीला कोणी नीट सांगितली नाही. त्यांची वीण घरी करता येत नाही. आजी-आजोबांची पिढी, मग आई-बापांची पिढी आणि मग आमच्या खोक्यातलं पिल्लू, अशी उतरंड असते. आमच्या हाती येते ती शेवटची पायरी. त्यातला चांगला कोंबडा मागे ठेवून उपयोग नाही. म्हणजे वाण आमच्या हातात कधीच नव्हतं. आमच्या हातात होती फक्त शेड.

आता शेडकडे येते, कारण माझं आयुष्य तिच्यात गेलं आहे.

पहिली शेड म्हणजे कारवीच्या कुडाच्या भिंती आणि वर भाताचा पेंढा. खाली भात गिरणीतून आणलेलं तूस तीन बोटं पसरलेलं, हीच गादी. आमचा भाताचा मुलूख, त्यामुळे तूस फुकट मिळे. नेणाऱ्याचे गिरणीवाला उलट उपकार माने. मध्यभागी पत्र्याचं गोल कडं, त्यात टांगलेले दोन दिवे, वीज गेली तर कोळशाची शेगडी. पहिले दहा दिवस पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब धरता येत नाही. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, हा नियम. आमच्याकडे तापमापक नव्हता. आई शेडमध्ये झोपायची आणि पिल्लं बघून सांगायची. दिव्याखाली एकावर एक चढली तर गारठलीत. कड्याला टेकून चोची उघडून बसली तर तापलीत. सगळी एकाच बाजूला सरकली तर पलीकडून वारा शिरतोय. पसरून, निवांत टिपत असली म्हणजे ठीक. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, आणि नंतर मी जी पुस्तकं वाचली त्यांत हेच चित्र काढून दाखवलेलं होतं.

१९८५ साली बाबांनी हजार पक्ष्यांची पक्की शेड बांधली, २५ बाय ४०. कर्ज काढून सिमेंटचे पत्रे घातले. जागा लांबट आणि रस्त्याला काटकोनात, म्हणून शेड उत्तर-दक्षिण लांब झाली. पहिल्या उन्हाळ्यातच चूक कळली. दुपारी तीननंतर पश्चिमेचं ऊन जाळीतून आडवं आत यायचं आणि सगळे पक्षी पूर्वेच्या भिंतीशी दाटायचे. खालचे चेंगरून मरायचे. वहीत त्या एप्रिलच्या पानावर नुसते आकडे आहेत: ७, ११, ९, २३. त्यापुढे एकच ओळ, 'शेड फिरवावी लागेल.'

शेड फिरवायची म्हणजे पाडून पुन्हा बांधायची. दोन वर्षांनी ते झालं. आता लांबी पूर्व-पश्चिम, रुंदी तीच २५ फूट, कारण त्याहून फार रुंद केली तर वारा मधोमध पोचत नाही. ऊन सुटलं, पण मग पाऊस आला. पोल्ट्रीची सगळी माहितीपत्रकं पूर्व-पश्चिम सांगतात ते उन्हासाठी. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत वारा नैऋत्येचा आणि शेडची लांब उघडी बाजू नेमकी दक्षिणेला. सरींचा मारा सरळ गादीवर. तूस भिजलं की दोन दिवसांत वर पापुद्रा धरतो, खाली आंबतं आणि अमोनिया सुटतो. डोळे चुरचुरतात, माणसाचे तेवढ्यापुरते, पक्ष्याचे दिवसरात्र, कारण त्याचं नाक गादीपासून वीतभर अंतरावर. ओल्या गादीत रक्ती हगवण येते, सर्दी येते, आणि ज्या पक्ष्याने खाऊन वाढायचं तो कोपऱ्यात मिटून बसतो.

बाबांनी छपराची पडळ दीड फुटावरून साडेचार फुटांवर नेली. खताच्या रिकाम्या गोणी शिवून पडदे केले. सुरुवातीला ते वर बांधलेले असत आणि खालून गुंडाळायचे. म्हणजे पडदा उघडला की थंड वारा थेट पिल्लांच्या अंगावर आणि वर साचलेली वाफ तिथेच. हे उलटं करायचं हे उमजायला एक अख्खी बॅच गेली. पडदा खाली बांधायचा आणि वरून सोडायचा. मग गॅस वरून निघून जातो आणि खाली पिल्लाला वारा लागत नाही. इतकी साधी गोष्ट, पण त्या बदलानंतरच्या तीन पावसाळ्यांची मरतूक मी मोजली, ती निम्म्याच्याही खाली आली होती. वाण तेच, खाद्य तेच. बाबा मला म्हणायचे, "पोरी, तिला दाणा एक वेळ कमी पडला तरी चालंल, वारा कमी पडता नये."

आता वह्यांमधल्या वजनांकडे बघा. १९८१ ची पहिली बॅच ५६ दिवसांनी विकली, सरासरी १ किलो ३५० ग्रॅम. एक किलो वजनाला सुमारे अडीच किलो खाद्य लागलं. तेव्हा खाद्यात शेंगदाणा पेंड आणि सुकी मासळी असायची. सोयाबीनची पेंड नंतर आली. १९९४ च्या वहीत ४५ दिवस आणि दीड किलो. २००८ मध्ये ४० दिवस, १ किलो ९००. अलीकडच्या हिवाळ्यातल्या चांगल्या बॅचला ३५ दिवसांत दोन किलोच्या पुढे, आणि किलोमागे खाद्य दीड-पावणेदोन किलोच्या मध्ये.

हा फरक किती वाणाचा आणि किती खाद्याचा, याचं उत्तर कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने फार स्पष्ट दिलंय. त्यांनी १९५७ आणि १९७८ ची जुनी वाणं जशीच्या तशी राखली आणि २००५ च्या वाणाबरोबर एकाच पद्धतीने, एकच खाद्य देऊन वाढवली. ५६ दिवसांनी १९५७ चा पक्षी ९०५ ग्रॅम, १९७८ चा १८०८ आणि २००५ चा ४२०२ ग्रॅम भरला. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तीन कोंबड्यांचे फोटो शेजारी ठेवलेले मी पाहिले तेव्हा मला माझ्या शेडची आठवण झाली. कारण पक्षी चौपटीहून मोठा झाला, तरी आमच्याकडे जागेचं माप तेच आहे: पक्ष्याला एक चौरस फूट. बाबांच्या काळात त्या एका फुटावर १३५० ग्रॅमचा जीव बसायचा. आता दोन किलोच्या वरचा बसतो. तो जास्त खातो, म्हणून जास्त उष्णता सोडतो. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास आणि ते उतरवायला तिच्याकडे धापा टाकण्याखेरीज फारसा उपाय नाही. सावकाश वाढणाऱ्या कोंबडीपेक्षा झपाट्याने वाढणारी उन्हाने लवकर मरते. वजन जितकं चांगलं तितका धोका मोठा. जागा डोक्यांवर मोजणं चुकीचं आहे, ती वजनावर मोजली पाहिजे, हे माझं ठाम मत आहे.

ते मत मला फुकट मिळालेलं नाही. बाबांच्या मागे मी एका कंपनीशी करार केला. पिल्लं, खाद्य, औषध त्यांचं. शेड, पाणी, वीज, राबणं माझं. किलोमागे ठरलेला दर. तोवर शेड २५ बाय १२० झाली होती. एका मे महिन्यात त्यांनी नवीन वाणाची तीन हजार पिल्लं टाकली. वाण बदललंय हे मला सुपरवायझरने तिसऱ्या आठवड्यात, खाद्य जास्त का संपतंय असं विचारल्यावर सांगितलं. चौतिसाव्या दिवशी दुपारी वीज गेली, पाण्याचे तुषार सोडणारे फॉगर बंद. पत्र्यावर मी आधीच चुना मारला होता, पेंढा घातला होता. दोन वाजता आम्ही तिघी बायका हातपंपाने पाणी फवारत होतो. साडेचारपर्यंत ४१२ पक्षी मेले, सगळे भरलेले, विक्रीला दोन दिवसांवर आलेले. जुन्या वाणाचे पक्षी त्याच शेडमध्ये, तसल्याच उन्हात मी आधीच्या वर्षी वाचवले होते. कंपनीने पाच टक्क्यांवरची मरतूक माझ्या दरातून कापली आणि कागदावर कारण लिहिलं: 'जुनी शेड.' शेड जुनी होती हे खरंच. पण ती ज्या कोंबडीसाठी बांधली होती, ती त्यांनी बदलली होती.

बाकीची संकटं सगळ्यांवर आली ती आमच्यावरही आली. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारमधल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला आणि आमच्याकडे रोग नसताना भाव कोसळला. २०२० च्या सुरुवातीला कोंबडीने करोना होतो अशी अफवा उठली. लोकांनी चांगले पक्षी फुकट वाटले. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आमच्या जिल्ह्यात शिरलं आणि पश्चिमेकडचे बावीस पत्रे घेऊन गेलं.

आता बंद शेडचे दिवस आले आहेत. एका टोकाला मोठे पंखे, दुसऱ्या टोकाला भिजते पॅड, आत ठरलेलं तापमान. नव्या वाणाला तेच घर मानवतं यात मला शंका नाही, ते घर बघितल्यावर पक्ष्यांसाठी बरंही वाटतं. पण त्याचा खर्च माझ्यासारखीला झेपत नाही. जनरेटर वेळेवर सुरू झाला नाही तर अख्खी शेड थोड्या मिनिटांत गुदमरते. आणि हवेत आधीच ओल असेल तेव्हा पॅड फारसं गार करत नाहीत, हे कोकणात विसरून चालत नाही.

दुसरा रस्ता वाणाकडून आहे. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा, हैदराबादच्या संस्थेची वनराजा, या परसात वाढणाऱ्या जाती आपल्या लोकांनी काढल्या. इज्जतनगरच्या पक्षी संशोधन संस्थेने उघड्या मानेच्या कोंबडीवर काम केलं. मानेवर पिसं नसली की उष्णता लवकर बाहेर पडते. ही जात गावठी कोंबड्यांत पूर्वीपासून होती. आमच्या आईच्या डालग्यातही एक होती, तिला आम्ही पोरं नागडमानी म्हणायचो. वजनात या जाती व्यापारी ब्रॉयलरच्या जवळपास येत नाहीत, ते मला माहीत आहे. पण माझी मागणी इतकीच आहे की, कोणत्याही वाणाचा वजनाचा तक्ता छापताना ते वजन कोणत्या घरात आलं हेही शेजारी छापावं. उघड्या शेडमध्ये, मे महिन्यात, वीज जाते तिथे काय भरलं, तोही रकाना असावा. आम्ही तो तक्ता बघून कर्ज काढतो.

मी आता एप्रिल-मेची बॅच तीन हजारांऐवजी दोन हजारांची घेते, पक्ष्याला दीड चौरस फूट. उन्हात दहा ते चार खाद्याची भांडी वर उचलते, पाणी पहाटे भरते. कंपनी बदलली, नव्या करारात वाणाचं नाव आधी कळवायची अट मी हाताने लिहून घेतली.

ज्यांच्या घरी अशा जुन्या वह्या असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. कोणत्या साली कोणतं पिल्लू आलं, किती दिवसांत किती भरलं, कोणत्या दुपारी किती मेली, हे आपल्या उघड्या शेडमधलं खरं मोजमाप त्यांतच आहे. जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला किंवा गावच्या वाचनालयाला द्या, निदान त्यांचे फोटो तरी काढून ठेवा. आमच्या चौदा वह्या मी पेटीतून खाली काढून ओटीवर मांडल्या आहेत. ज्यांना बघायच्या असतील त्यांनी यावं.